वाघाच्या सावलीत वाघाटी, लाटांखाली हेकरू

जुलै २०२५ मध्ये अठरा दिवसांच्या अंतराने दोन सरकारी कागद प्रसिद्ध झाले. पहिला ११ जुलैचा, लक्षद्वीप प्रशासनाचा. बित्रा हे द्वीपसमूहातील सर्वांत लहान वस्तीचे बेट संरक्षणविषयक कामासाठी संपूर्णपणे ताब्यात घेता येईल काय, हे ठरविण्यासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची ती अधिसूचना होती. दुसरा कागद २९ जुलैचा. जागतिक व्याघ्रदिनाच्या निमित्ताने भारतीय वन्यजीव संस्था आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण यांनी देशातील व्याघ्रप्रदेशांमधल्या लहान रानमांजरांच्या स्थितीचा अहवाल प्रकाशित केला. पहिल्या कागदावरून वाद झाला तो रहिवाशांचे विस्थापन आणि राष्ट्रीय सुरक्षा या दोन मुद्द्यांवर. दुसऱ्याची दखल वाघाच्या कौतुकसोहळ्यात एका ओळीपुरती घेतली गेली.

वरवर पाहता या दोन कागदांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पण बित्राच्या भोवती जे प्रवाळखडक आहेत, तेथे दरवर्षी एका जातीच्या हेकरू माशाचा विणीचा मोठा मेळा भरतो आणि शास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे त्याचा अभ्यास करीत आले आहेत. हेकरू समुद्रातला आणि वाघाटी जमिनीवरची, दोघेही शिकारी. पण अन्नसाखळीच्या अगदी शेंड्यावर बसलेले नव्हेत, त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली असलेले. त्यामुळे त्यांच्या नावाने प्रकल्प निघत नाहीत, टपाल तिकिटांच्या पलीकडे त्यांचा गौरव होत नाही आणि त्यांच्या संख्येवर संसदेत प्रश्न विचारले जात नाहीत. या दोघांविषयी गेल्या दोन दशकांत जे संशोधन झाले, त्याचा निष्कर्ष मात्र एकाच दिशेने जातो. आपली वन्यजीव संरक्षणाची व्यवस्था प्राण्याचे नाव आणि अभयारण्याची हद्द या दोन खांबांवर उभी आहे. आणि या प्राण्यांचे जगणे-मरणे त्या दोन्ही खांबांच्या बाहेर ठरते.

पाचशेत एक वाघ

लहान मांजरांविषयीची माहिती आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. २०२२ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ३२ हजार ५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांची संख्या चार कोटी ७० लाखांच्या घरात गेली. त्यांपैकी वाघाची छायाचित्रे होती ९७ हजार ३९९. म्हणजे साधारण पाचशे छायाचित्रांमागे एक वाघ. उरलेल्यांत चितळ, सांबर, रानडुकरे, गुरे, माणसे आणि रात्रीच्या अंधारात दबकत जाणारी लहान मांजरे होती. या उरलेल्या ढिगाऱ्यातून मांजरांच्या नोंदी वेचण्याचे काम झाले आणि त्यातून लहान मांजरांचे एवढ्या मोठ्या प्रमाणावरचे चित्र हाती आले. रानमांजर, म्हणजे ज्याला काही भागांत बाऊल म्हणतात ते, ९६ हजार २७५ चौरस किलोमीटर क्षेत्रात वावरते असे दिसले. त्याखालोखाल वाघाटी ७० हजार ७५ चौरस किलोमीटर क्षेत्रात, तर बिबट्यासारखे ठिपके मिरवणारी लेपर्ड कॅट ३२ हजार ८०० चौरस किलोमीटर क्षेत्रात आढळली.

हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. वाघासाठी झालेल्या खर्चातून इतर प्राण्यांची माहिती मिळत असेल तर ती घेतलीच पाहिजे. तरीही या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. हे आकडे प्राण्यांचे नाहीत, त्यांचा वावर असलेल्या क्षेत्राचे आहेत. एखाद्या चौकटीत मांजर एकदा दिसले काय किंवा दहा मांजरे राहत असली काय, नकाशावर ती चौकट सारखीच रंगते. पुढच्या गणनेत क्षेत्र तेवढेच राहिले आणि त्यातली मांजरे निम्मी झाली, तर ते या पद्धतीला चटकन कळणार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कॅमेरे लावले गेले ते वाघाला शोधण्यासाठी, वाघाच्या जंगलात आणि वाघ ज्या वाटांनी जातो त्या वाटांवर. जेथे वाघ नाही तेथे मांजर आहे की नाही, हा प्रश्न या गणनेने फारसा विचारलेलाच नाही.

तो प्रश्न महाराष्ट्रात एकदा विचारला गेला होता. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांची वस्ती, जंगल नाही, हरणे नाहीत, चोहीकडे ऊस आणि भाजीपाला. अशा मुलखात बिबटे आणि तरस यांची दाट वस्ती निघाली. त्या बिबट्यांची देशभर चर्चा झाली आणि ते स्वाभाविक होते. पण त्याच कॅमेऱ्यांत रानमांजर, कोल्हा, खोकड आणि वाघाटी हेही होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झालेल्या वाघाटीचे वजन एक-दीड किलोच्या आसपास भरते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ वगळता ती अन्यत्र कोठेही आढळत नाही. अशी ही मांजर उसाच्या सरीत पिलांना जन्म देते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत ऊसतोडीच्या हंगामात फडात सापडलेली 'बिबट्याची पिले' पाहायला गर्दी जमते आणि नंतर ती वाघाटीची निघतात, असे अनेकदा घडले आहे. वनविभागाचे कर्मचारी आणि त्यांना साहाय्य करणारे स्वयंसेवी पशुवैद्य ही पिले सापडल्या जागीच रात्री ठेवून आईची वाट पाहतात. बऱ्याच वेळा आई येऊन त्यांना घेऊन जाते. ही पद्धत अनुभवातून तयार झाली आहे. कोणत्याही अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात तिला जागा नाही, कारण उसाचा फड हे अभयारण्य नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीनेही या मांजरांना किंमत आहे. राजस्थानातील सरिस्का येथे शोमिता मुखर्जी यांच्या चमूने केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रानमांजराच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा हिशेब मांडला गेला. एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर फस्त करते, म्हणजे वर्षाला हजारापेक्षा अधिक, असा तो हिशेब होता. उंदरांसाठी विषारी गोळ्या आणि सापळे यांवर पैसे खर्च करणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर हे काम फुकट चालते. उलट तेच विष खाल्लेला उंदीर मांजराच्याही पोटात जातो.

शेतीबाहेरच्या माळरानांची आणि पाणथळ जागांची स्थिती याहून नाजूक आहे. महसुली नोंदींत आणि सरकारी नकाशांत खुरट्या झुडपांच्या मोठ्या क्षेत्रांवर 'पडीक' असा शिक्का आहे. पडीक जमीन उद्योगाला, सौरऊर्जेला किंवा रस्त्याला देताना कोणालाही काही गमावल्यासारखे वाटत नाही. कॅराकल, ज्याला फारसीत स्याहगोश म्हणजे काळ्या कानांचा म्हणतात, त्याने याची किंमत मोजली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात जुन्या नोंदी एकत्र करून दाखविण्यात आले की, २००१ नंतर या प्राण्याच्या नोंदी ज्या क्षेत्रातून आल्या, ते त्याआधीच्या अर्धशतकाच्या तुलनेत सुमारे ९६ टक्क्यांनी आक्रसले आहे. आता तो मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमधील काही भागांपुरता उरला आहे. फिशिंग कॅट हे पाण्यात उतरून मासे पकडणारे मांजर पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे. पण त्या राज्यात त्याची बरीच वस्ती गावांलगतच्या दलदलीत, वेताच्या आणि बोरूच्या बनात आहे. ओडिशातील चिलिका सरोवराच्या परिसरात २०२२ मध्ये १७६ फिशिंग कॅट असल्याचा अंदाज जाहीर झाला. संरक्षित क्षेत्राच्या बाहेर या मांजराची अशी मोजणी होण्याची ती पहिली वेळ होती. मोजणी करताना स्थानिक मच्छीमार आणि गावकरी यांना सोबत घेतले गेले, हे त्या कामाचे बलस्थान होते.

काही रात्रींचे गणित

समुद्रात तर वाघच नाही. त्यामुळे वाघाच्या सावलीत इतरांना जे थोडेफार संरक्षण मिळते, तेही तेथे नाही. हेकरू मुंबईकरांना बाजारातून ओळखीचा. मालवणात आणि गोव्यात त्याला गोब्रा म्हणतात. जाड ओठांचा, भरीव अंगाचा, खडकाच्या कपारीत दबा धरून बसणारा हा मासा चवीला उत्तम आणि काट्यांना कमी, म्हणून त्याला भाव चांगला मिळतो. परदेशात, विशेषतः हाँगकाँगच्या उपाहारगृहांत, तो टाकीत जिवंत ठेवून विकला जातो. २०१३ मध्ये जगातील १६३ जातींच्या हेकरूंचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २० जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत आणि आणखी २२ त्या वाटेवर आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. २००९ या एका वर्षात जगभरात दोन लाख ७५ हजार टनांहून अधिक, म्हणजे किमान नऊ कोटी हेकरू पकडले गेले होते.

एवढ्या मोठ्या मासळीसमूहाला मासेमारी इतकी का झोंबावी, याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे. हेकरू सावकाश वाढतो आणि पुष्कळ वर्षे जगतो. बहुतेक जातींत तो मादी म्हणून प्रौढ होतो आणि मोठा झाल्यावर त्याचा नर बनतो. जाळ्यात किंवा गळाला मोठे मासे आधी लागले की कळपातील नरच कमी होऊ लागतात. तिसरी आणि सर्वांत घातक बाब म्हणजे विणीचा मेळा. एरवी एकलकोंडे राहणारे अनेक जातींचे हेकरू वर्षातील ठराविक महिन्यांत, चंद्राच्या ठराविक कलेला, ठरलेल्या खडकावर शेकडो-हजारोंच्या संख्येने जमतात. काही दिवसांत वीण आटोपून पांगतात. एवढ्या मोठ्या पट्ट्यातील पुढची पिढी त्या मोजक्या रात्रींवर अवलंबून असते. ती जागा आणि ती तिथी एकदा मच्छीमाराला कळली की, वर्षाची मासळी आठवड्यात मिळते आणि काही वर्षांत तो खडक रिकामा होतो.

कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर याचे दोन्ही अंक पाहायला मिळाले. लिटिल केमन या बेटाजवळ २००१ मध्ये नासाऊ हेकरूचा सुमारे सात हजार माशांचा मेळा सापडला. पुढच्या दोन हंगामांत त्यांतील सुमारे चार हजार मासे पकडले गेले. २००३ मध्ये तेथील सरकारने मेळ्याच्या जागांवर मासेमारी बंद केली आणि शास्त्रज्ञांना दरवर्षी मोजणी करायला सांगितले. पाणबुड्यांनी माशांना खुणा करून आणि चित्रफिती काढून ही मोजणी केली. २०१६ मध्ये नियम आणखी कडक झाले. १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात ही जात पकडण्यास बंदी आली. उरलेल्या महिन्यांत माशाच्या लांबीची आणि दर बोटीमागे संख्येची मर्यादा ठरली. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पंधरा वर्षांत तेथील हेकरूंची संख्या तिपटीहून अधिक झाली. संपूर्ण समुद्र वर्षभर बंद करण्याची गरज पडली नाही. नेमकी जागा, नेमका काळ आणि नियमित मोजणी एवढ्यावर हे साधले.

बित्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात यावे. या बेटाची जमीन एका चौरस किलोमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अवघी २७१. पण त्याच्या खाजणाचा विस्तार सुमारे ४५ चौरस किलोमीटर. लक्षद्वीपमधील मच्छीमार परंपरेने खोल समुद्रातील ट्यूना गळाने पकडतात, त्यामुळे प्रवाळखडकांवरील माशांवर फारसा ताण नव्हता. अशा जवळपास अस्पर्श राहिलेल्या ठिकाणी चौकोनी शेपटीच्या प्रवाळ हेकरूचा अतिशय दाट मेळा नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या रुचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक अनपेक्षित निरीक्षण आहे. एरवी या जातीचा नर तळावरचा एक तुकडा राखतो आणि तेथे येणाऱ्या मादीचा अनुनय करतो. येथे दाटी एवढी होती की, काही मोठे नर वर पाण्यात जाऊन लहान माद्यांच्या थव्यांचा अनुनय करीत होते. मेळा विरळ झाला की असे वर्तन दिसण्याची शक्यताच संपते. म्हणजे आपण मासे मोजायला लागण्यापूर्वीच, त्यांच्या जगण्याच्या काही रीती गमावून बसलेलो असू शकतो. बहुतेक ठिकाणी तसे झालेही आहे.

या खडकांवर दुसरे संकट वरून, तापलेल्या पाण्याच्या रूपाने येते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. २०२४ मध्ये जागतिक पातळीवर चौथ्यांदा अशी लाट आल्याचे जाहीर झाले आणि लक्षद्वीपही तिच्यातून सुटले नाही. दीर्घकालीन निरीक्षणांनुसार १९९८ पासूनच्या पाव शतकात तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आले आहे. करकरे, रोहन आर्थर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, दीर्घायुषी हेकरू टिकून राहतात ते ज्या खडकांची कपारी-कंगोऱ्यांची रचना अशा आघातांनंतरही शाबूत राहिली आहे त्यांवर. समुद्राचे तापमान एकट्या लक्षद्वीपला किंवा एकट्या भारतालाही रोखता येणार नाही. म्हणूनच जे हातात आहे, ते म्हणजे मजबूत उरलेले खडक आणि तेथील मेळे सांभाळणे, याचे महत्त्व वाढते.

नावाला संरक्षण, जागेला नाही

कायदा काय म्हणतो? वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वाघाला जो दर्जा, तोच तिला. महाकाय हेकरूलाही २००१ मध्ये त्याच परिशिष्टात स्थान मिळाले. कागदावर यापेक्षा अधिक काही देता येत नाही. पण वाघाटीला मारणे हा गुन्हा असला, तरी ती जेथे वाढते ते माळरान नांगरणे किंवा त्यावरून चौपदरी रस्ता नेणे हा गुन्हा नाही. महाकाय हेकरू पकडणे गुन्हा आहे. बाजारात रोज येणाऱ्या हेकरूंच्या बहुतेक जातींना मात्र विणीच्या रात्रीही अभय नाही. मत्स्योत्पादनाच्या राष्ट्रीय आकडेवारीत तर या अनेक जाती 'रॉक कॉड' या एकाच मथळ्याखाली मोजल्या जातात. त्यातली एखादी जात संपत आली तरी बेरीज तशीच दिसू शकते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, वाघ वाचवला की त्याच्या जंगलातील सारे आपोआप वाचतात. मर्यादित पैशात प्रत्येक मांजरासाठी वेगळा प्रकल्प परवडणार नाही. वाघाटीचा ७० हजार चौरस किलोमीटरचा वावर याच छत्राखाली नोंदला गेला, हे खरेच आहे. पण कॅराकल, फिशिंग कॅट आणि उसातील वाघाटी हे तिघेही बव्हंशी त्या छत्राच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी नवा प्रकल्प नको; प्रादेशिक वनविभागांच्या कार्ययोजनांत त्यांची नोंद, रस्त्यांच्या आराखड्यात ओढ्या-नाल्यांखालून जाण्याच्या मोऱ्या आणि साखर कारखान्यांमार्फत ऊसतोड मजुरांना पिले सापडल्यास काय करावे याची माहिती, एवढे तरी व्हावे. याला वाघाच्या खर्चाचा अंशही लागणार नाही.

दुसरा आक्षेप मच्छीमारांचा. मालवण सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे. बंदी येते ती आधी छोट्या होडीवर आणि मोठे ट्रॉलर मोकळे राहतात, हा त्यांचा अनुभव आहे. तो खोटा नाही. पण हंगामी विश्रांती किनाऱ्याला परकी नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि दर्याला नारळ अर्पण केल्यावरच होड्या लोटण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. प्रवाळखडकांवरील मोजक्या जागी मोजक्या दिवसांची विश्रांती याच रीतीचा विस्तार ठरू शकेल. मात्र ती जागा आणि तो काळ स्थानिकांसोबत बसून ठरवला पाहिजे आणि बाहेरून येणाऱ्या बोटींना तो आधी लागू झाला पाहिजे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला समुद्रात बुडालेले आंग्रिया बँकेचे प्रवाळपठार आहे. तेथे असे मेळे भरतात काय, हे व्यावसायिक बोटींच्या आधी शास्त्रज्ञांना कळले तर बरे.

बित्राच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे. देशाच्या सागरी सुरक्षेची गरज नाकारता येत नाही आणि २७१ माणसांच्या गावाचा त्यांच्या बेटावरील हक्कही नाकारता येत नाही. पण सामाजिक परिणामांचा अभ्यास जमिनीवर थांबतो. बेटाच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली आहे. धक्का, खोदकाम, गाळ, बोटींची वर्दळ यांचा त्या मेळ्याच्या खडकावर काय परिणाम होईल, याचे उत्तर निर्णयाच्या आधी मिळायला हवे. बेटावरचे लोक गेले तर त्या खडकांवर डोळा ठेवणारेही गेले, हाही त्या हिशेबाचा भाग आहे. उलट, प्रवेश नियंत्रित झाल्याने खडकांना निवांतपणा मिळेल, असेही कोणी म्हणेल. यातले काय घडेल हे अंदाजाने सांगता येणार नाही. त्यासाठी पाण्याखालची पाहणी लागते आणि त्या खडकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले शास्त्रज्ञ देशातच आहेत.

पुढची व्याघ्रगणना होईल तेव्हा वाघांचा आकडा पहिल्या पानावर येईल. वाघाटीचे क्षेत्र ७० हजारांवरून किती झाले, हे त्याच पत्रकाच्या आतल्या पानावर असेल. ते शोधून वाचणारे, आणि बाजारातल्या हेकरूचा हंगाम विचारणारे, वाचक वाढले तर या प्राण्यांच्या बाजूने प्रश्न विचारणारे कोणी तरी तयार होईल. आज ती जागा रिकामी आहे.